दारातून आलेला चोर

भूकंपानं त्या गावातल्या सगळ्या भिंती पाडल्या आणि सगळी दारं उभी ठेवली.

यात भूकंपाचं कौतुक काही नाही. दारं सुतारानं बसवलेली होती, आणि सुतार चौकटीचे पाय जमिनीत इतके खोल पुरायचा की त्याच खड्ड्यात आणखी दोन हात उतरलं असतं तर पाणी लागलं असतं. भिंती गवंड्याच्या होत्या. त्याला कुणी टोकलं तर तो सांगायचा, "मी भिंत वाऱ्यापावसासाठी बांधली होती. जमीनच नाचायला लागणार आहे, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं."

माणूस एकही गेलं नाही. भर दुपार, बटाटे काढायचा हंगाम, सगळं गाव शेतात. जमीन हलली तेव्हा निम्मे बटाटे आपोआप वर आले, असं गिरणीवाला अजून सांगतो. उरलेले त्याच्या मते आळशी होते. विहिरीनं त्याच्या आजोबांच्या हातून पडलेली बादली बाहेर फेकली, तीही भरलेली. गावाचा राखणदार डुलकी तेवढा घरात होता, खाटेवर. छप्पर त्याच्या एका अंगाला पडलं, भिंत दुसऱ्या अंगाला, आणि त्यानं मधल्या मध्ये कूस बदलली. त्याला ते नाव उगाच पडलं नव्हतं.

मार बसला तो एकट्या सुताराला. म्हातारा बाप आत झोपलाय म्हणून तो शेतातून धावत आला, घरात शिरला आणि वरची तुळई त्याच्या उजव्या मनगटावर आली. बाप त्या वेळी अंगणात बसून "पोरगं एवढं पळत कुठं गेलं?" म्हणून बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारीण घराकडे आली ती ढिगाऱ्यातून सरळ आत गेली नाही. वळसा घालून दाराशी गेली, कडी काढली, उंबरा ओलांडला, आणि आत, म्हणजे उघड्या आभाळाखाली, उभी राहून दार पुन्हा लोटून घेतलं. मग बाह्या वर सारल्या आणि पहिला दगड उचलला.

"सूनबाई, दार कशाला लावलंस?" मामंजींनी विचारलं. ते तिच्यापासून दोन हातांवर, कालपर्यंत जिथं भिंत होती तिथं उभे होते.

"वारा येतो," ती म्हणाली.

मामंजींनी मान डोलावली, वळसा घालून दाराशी गेले आणि कडी वाजवली.

याला हसणारं गावात कुणी नव्हतं, कारण घरोघरी हेच चाललं होतं. जन्मभर ज्या वाटेनं आत-बाहेर केलं ती वाट पायांना पाठ होती. भिंत नाही हे डोळ्यांना दिसत होतं, पाय ऐकत नव्हते.

मग कामाचे दिवस सुरू झाले. सुतारीण सकाळी उठून दगड वेगळे करायची, मातीचे ढीग फावड्यानं बाजूला ओढायची, मोडक्या वाशांमधून खिळे उपसायची आणि दुपारी एका सपाट दगडावर बसून ते हातोडीनं सरळ करायची. खिळा सरळ करताना चिमटीत धरावा लागतो, आणि हातोडी दर वेळी खिळ्यालाच भेटते असं नाही. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख आधी लाल झालं, मग निळं, मग काळं. सुतार हात गळ्यात बांधून शेजारी बसायचा. तो मुळातच मितभाषी. लग्नात त्यानं होकारसुद्धा मानेनंच दिला होता. आता तो हनुवटीनं काम सांगायचा. हनुवटी डावीकडे गेली की वासा डावीकडे.

त्याची हत्यारपेटी ढिगाऱ्यातून धड निघाली तेव्हा गावाचा जीव भांड्यात पडला. कुऱ्हाडी घरोघरी होत्या, पण कुऱ्हाडीनं लाकूड तोडता येतं, सांधता येत नाही. करवती, रंधे, पटाश्या, गिरमिट, सगळं त्या एका पेटीत. टेकडीवरून थंडी उतरायला फार दिवस राहिले नव्हते. सुताराचा हात नसला तरी त्याची नजर होती, पेटी होती, हातांना गावात तोटा नव्हता. छपरं चढली असती.

पण त्याआधी माणसं यायला लागली. पहिल्यांदा नुसते बघे आले. ते "अरेरे" म्हणायचे आणि पडकी घरं बघत चालायचे. त्यांच्या मागून आले ते "अरेरे" म्हणता म्हणता एखादी परात काखेत मारायचे. मग एक ट्रकच आला. मदत आली म्हणून लोकांनी हात उंचावून तो थांबवला, मागे लावायला जागा करून दिली, आणि ट्रकवाल्यांनी गिरणीवाल्याचे पत्रे, गिरणीचा पट्टा आणि गवंड्याचं लोखंडी घमेलं शांतपणे वर चढवलं. गवंडी तर घमेलं वर द्यायला हात लावत होता. त्याला वाटलं, धुवून परत देतील.

त्याच दिवशी सुतारीण पाणी घेऊन परत आली तर एक परकी बाई तिच्या घरात उभी राहून तिची उशी दाबून बघत होती.

"काय हवंय?" सुतारणीनं विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाली. "कापूस जुना आहे." आणि उशी खाली टाकून निघून गेली.

सुतारीण बराच वेळ त्या उशीकडे बघत राहिली. चोरली असती तर बरं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी विहिरीजवळ गाव जमलं. गिरणीवाला पुढे झाला. त्याला कुणी पुढे केलं नव्हतं. पण आयुष्यभर गिरणीच्या वर आवाज काढून काढून त्याचा घसा असा झाला होता की तो कानात बोलला तरी सभा भरायची.

"राखण करायची," तो म्हणाला. "पण करायची कशी? रस्त्यानं जाणारा-येणारा प्रत्येक जण चोर नाही. नातेवाईक येतात, मदतवाले येतात. ओळखायचं कसं?"

कुणी म्हणालं चेहऱ्यावरून. गवंडी म्हणाला, "चेहऱ्यावरून तर मीच चोर दिसतो." हे सगळ्यांना पटलं.

तेव्हा सुतारीण मागून म्हणाली, "आपण सगळे दारातून जातो. आज ती बाई माझ्या घरात शिरली ती भिंतीतून."

गिरणीवाल्यानं थोडा विचार केला आणि तो नियम स्वतःचा असल्यासारखा जाहीर करून टाकला. दारातून येईल तो आपला. भिंतीतून येईल त्याला धरायचं.

नियम असा लागू पडला की काय सांगावं. परका माणूस घरात शिरला की तो सरळच शिरायचा, आणि चारी बाजूंनी ओरडा व्हायचा, "ए, भिंतीतून कसा आलास?" तो बिचारा इकडे तिकडे बघायचा आणि म्हणायचा, "कुठली भिंत?" बस. एवढ्यावर त्याची गचांडी धरली जायची. आपल्या माणसाला 'कुठली भिंत' हा प्रश्न सुचलाच नसता. परात, बादल्या, पत्रे परत खाली ठेवून घेतले जायचे आणि पाहुण्याला दारातून बाहेर काढून दार लावलं जायचं. दोन बकऱ्याही पकडल्या गेल्या, आणि त्यातली एक पुढे दारातून जायला शिकली असं म्हणतात. मामंजी एकदा घाईत होते म्हणून भिंतीतून बाहेर पडले, तर डुलकीनं त्यांना परत आत पाठवून दारातून यायला लावलं. तोवर घाईचं कारण उरलं नव्हतं.

ट्रक पुन्हा आला नाही. लोक निवांत झाले. आणि नेमका तेव्हा तो आला.

दुपारची वेळ. सुतार गावाच्या दुसऱ्या टोकाला, गवंड्याच्या घराची तुळई कशी उचलायची ते हनुवटीनं सांगत होता. मामंजी झाडाखाली. सुतारीण खिळे ठोकत बसलेली. कडी वाजली.

"कोण?"

"मी आहे, ताई."

तिनं मान वर केली. दाराच्या बाजूला, जिथं भिंत नव्हती, तिथून तो पुरता दिसत होता: सडपातळ, चाळिशीचा, केस पाण्यानं चापून बसवलेले. त्यालाही ती दिसत होती. दोघांची नजरानजर झाली. तरी तो दारासमोरच उभा राहिला, आणि ती "थांबा हं, आले" म्हणाली, हातोडी ठेवली, हात झटकले, जाऊन कडी काढली आणि मग दोघं पहिल्यांदा भेटल्यासारखे भेटले.

"सुतारदादांनी पाठवलंय," तो म्हणाला. "पेटी मागितलीय. तिकडे तुळईचं काम निघालंय."

तिच्या मनात किंचित आलं की हा कुणाकडचा? पण त्यानं उंबऱ्याबाहेर दोन्ही पाय नीट पुसले होते. भूकंपानंतर पाय पुसून आत आलेला तो पहिला माणूस. तिनं त्याला बसायला पाट दिला, पाणी दिलं. त्यानं पाणी पिऊन भांडं उपडं ठेवलं. पेटी जड होती. ती त्याच्या एकट्याच्यानं डोक्यावर चढेना तेव्हा सुतारणीनं हाक मारली, "डुलकीभाऊजी, जरा हात लावा!"

डुलकी आला. त्यानं एका बाजूनं, तिनं दुसऱ्या बाजूनं धरून पेटी पाहुण्याच्या डोक्यावर चढवली.

"सावकाश," डुलकी म्हणाला. "उंबऱ्याला अडखळाल."

"नाही नाही," पाहुणा म्हणाला. तो बाहेर पडला, एका हातानं पेटी सावरत दुसऱ्या हातानं मागे दार लोटून घेतलं, आणि गेला.

ऊन कलल्यावर सुतार घरी आला. पेटी नेहमी असायची त्या कोपऱ्याकडे त्यानं बघितलं आणि हनुवटी वर केली. म्हणजे, कुठाय?

सुतारीण उठली, दारातून बाहेर पडली आणि वेशीपर्यंत धावत गेली.

त्यानंतरचे दोन दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. गाव चारी दिशांना शोधून आलं, हात हलवत परत आलं. बायका एकेक करून दाराशी यायच्या, कडी वाजवायच्या आणि आत येऊन विचारायच्या, "पाणीसुद्धा दिलंस?"

"दिलं."

"बसायला पाट?"

"तोही दिला."

"बाई बाई बाई!"

गिरणीवाल्यानं पुन्हा सभा घेतली आणि नियम सुधारला: दारातून येणाऱ्यालाही विचारपूस करायची. "आणि पेटी डोक्यावर चढवून द्यायची नाही," हे त्यानं डुलकीकडे बघून जोडलं. पण सुधारलेल्या नियमानं वासे सांधले जात नव्हते. सुतार बोलला काहीच नाही. ते त्याचं नेहमीचंच. पण आता त्याची हनुवटीही हलत नव्हती, हे तिला बघवेना. तिसऱ्या दिवशी पहाटेचा वारा असा काही बोचला की मामंजी गोधडीतून म्हणाले, "सूनबाई, टेकडी उतरलीच म्हणायची थंडी."

तिनं उठून हातगाडी काढली.

"अहो, मी पेटी घेऊन येते," ती म्हणाली.

सुतारानं तिच्याकडे बघितलं. मग त्या वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य तो बोलला. "कुठनं आणणार गं?"

"एवढं ओझं डोक्यावर घेऊन माणूस उडून जात नाही. कुणीतरी बघितलं असेल."

डुलकीला तिनं बरोबर घेतलं. त्याचीही मान खाली गेलेली होती, आणि हातगाडी ढकलायला कुणीतरी हवंच होतं. टेकडीच्या चढावर झऱ्याजवळ एक गुराखी भेटला. तो म्हणाला, "पेटीवाला? तो ना, पलीकडच्या गावात आहे. त्याला फार मान आहे तिथं."

"चोराला मान?" डुलकी म्हणाला.

"चोर कुठला? सुतार आहे तो."

पलीकडचं गाव तसंच पडलेलं, फक्त तिथं दारंही पडली होती. त्यांचा सुतार कधीच वारला होता. दोन्ही गावांचं जाणं-येणं जवळपास नव्हतं. मधे टेकडी आणि कुठल्या तरी आजोबांचं भांडण. वेशीवर दोन गडी काठ्या घेऊन उभे होते.

"काय हवंय?"

"सुतार," सुतारीण म्हणाली.

"मिळणार नाही. आमचाच आम्हाला पुरत नाहीये."

नुसतं बघून जाते म्हणत ती आत गेली, तर तिला तो दिसला. एका अर्धवट घरावर, आढ्याला पाय अडकवून बसलेला. एका अंगठ्याला चिंधी, दुसऱ्याला त्याहून मोठी चिंधी. करवत वाशात अडकलेली, आणि तो ती निघावी म्हणून तिची मनधरणी करत होता. खाली आणखी दोन काठीवाले, एक दाढीवाला गावकारभारी, आणि हातात दुधाचं भांडं घेऊन एक म्हातारी. म्हातारीची पाठ इतकी वाकलेली की ती त्याच्याकडे बघायला मान तिरकी करत होती.

त्यानं सुतारणीला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जसं हरवलेलं लेकरू जत्रेत आईला बघून हसावं.

"ताई! आलात!" तो ओरडला. "अहो, मला घेऊन चला हो!"

झालं होतं ते असं. पेटी घेऊन तो टेकडी उतरला आणि या गावातून पुढे सटकणार, एवढ्यात कुणीतरी पेटी बघितली. "सुतार! सुतार आला!" म्हणून ओरडा झाला. बायका रडायला लागल्या. त्याला उचलूनच आणलं. नाही म्हणावं तर पेटी कुणाची ते सांगावं लागलं असतं, म्हणून तो हो म्हणाला. तेव्हापासून त्याला दोन वेळ जेवायला, तीन वेळ दूध, आणि चोवीस तास पहारा. काही लुटलं जाण्यासारखं त्या गावात तेवढं एकच उरलं होतं: सुतार.

"ही पेटी माझ्या नवऱ्याची आहे," सुतारीण दाढीवाल्याला म्हणाली. "यानं ती माझ्या घरातून नेली."

"खरं आहे," वरून तो म्हणाला. "मी चोर आहे. शपथ घेऊन सांगतो."

दाढीवाल्यानं सुस्कारा सोडला. "रोज असंच म्हणतो. काल दुपारपासून चारदा चोर म्हणाला स्वतःला. उन्हाचं होतं त्याला. आजी, दूध द्या."

"अहो, मला करवत धरता येत नाही!"

"बघितलंत? चांगल्या कारागिराला स्वतःचं काम कधी पटत नाही."

सुतारणीनं पेटीत काय काय आहे ते घडाघडा सांगितलं. रंध्याच्या मुठीवरची चीर, गिरमिटाचं झिजलेलं टोक, सगळं. दाढीवाला ऐकून घेऊन म्हणाला, "ते आम्हालाही माहीत आहे. तीन दिवस हीच हत्यारं बघतोय." मग त्याचा आवाज बदलला. "बाई, आमच्याकडेही ट्रक येऊन गेला. त्यांनीही गोडच सांगितलं होतं. तुम्ही हातगाडी घेऊन आलात, आमची पेटी मागताय, सोबत गडी आणलाय. मी तुम्हाला काय समजायचं?"

सुतारणीची कानशिलं तापली. आयुष्यात तिला कुणी चोर म्हटलं नव्हतं. काठीवाले एक पाऊल पुढे आले. डुलकी एक पाऊल मागे गेला. तिच्या तोंडावर चांगलं खमंग उत्तर आलं होतं. पण तेवढ्यात टेकडीवरून वारा आला, आणि तिनं बघितलं की दाढीवाल्यानं आपलं जाकीट काढून शेजारच्या म्हातारीच्या वाकड्या पाठीवर टाकलं. बोलणं न थांबवता, न बघता. तिनं उत्तर गिळलं.

"थंडी तुमच्याकडे आणि आमच्याकडे एकाच दिवशी येणार आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे पेटी आहे, सुतार नाही. तो वर बसलाय तो सुतार असेल तर मी राणी आहे. आमच्याकडे सुतार आहे, त्याचा हात मोडलाय, पेटी नाही. नुसत्या पेटीनं तुमचं एक छप्पर होईल, तेही त्याच्याच डोक्यावर पडेल. पेटी द्या, चार माणसं द्या. आमची तुळई उचलायला हात कमी पडतात. आमची छपरं झाली की सगळे इकडे येऊ आणि तुमची करू."

"आणि नाही आलात तर?"

"येणार म्हटलं ना."

"ट्रकवालेही म्हणाले होते."

तेवढ्यात मागून एक आवाज आला. डुलकी हातगाडीला टेकून उभा होता तो उभ्याउभ्याच झोपला होता आणि घोरत होता.

"हा तारण ठेवा," सुतारीण म्हणाली.

"हा कोण?"

"आमच्या गावचा राखणदार. याच्याशिवाय आमच्या गावात पान हलत नाही." यात खोटं काहीच नव्हतं, डुलकी राखण करायचा तेव्हा पानसुद्धा हलवायचा नाही.

दाढीवाल्यानं डुलकीला चारी बाजूंनी बघितलं. एवढ्या धमकीत जो झोपू शकतो तो माणूस साधा नसणार, असं त्याला वाटलं असावं. "चालेल," तो म्हणाला.

डुलकीला उठवून सांगितलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "खाट आहे?"

पेटी हातगाडीवर चढली. चोर खाली उतरला तो थेट जाऊन हातगाडीचा दांडा धरून राहिला, सोडायला तयार होईना. चार गडी बरोबर निघाले. ते पेटीवर नजर ठेवून होते, सुतारीण चोरावर, आणि चोर मागे वळून वळून बघत होता की आपल्याला परत तर बोलवत नाहीत.

घरी पोचल्यावर गिरणीवाल्यानं चोराची मानगूट धरली. "आधी याचं बघतो."

"आधी छप्पर," सुतारीण म्हणाली. "मग हवं तेवढं मारा. यांना उजवा हात नाहीये. याला दोन आहेत."

असा चोर सुताराचा उजवा हात झाला. पहिल्या दिवशी सुतार हनुवटीनं सांगत होता आणि चोर भलतीकडेच करवत चालवत होता. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावं लागलं. "अरे, ओढताना काप, ढकलताना नाही!" बायको पाण्याचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबली. तिसऱ्या दिवशी तो दिवसभर बोलत होता: लाकडाच्या रेषांबद्दल, गाठींबद्दल, आपल्या बापानं आपल्याला कसं शिकवलं त्याबद्दल. मामंजी झाडाखालून म्हणाले, "सूनबाई, याला काय झालं?"

"हात मोडलाय ना, मामंजी. शब्द तोंडातून निघायला लागलेत."

चोराच्या हातांना फोड आले, फुटले, तिथं घट्टे पडले. पळून जायला वाट चारी बाजूंनी मोकळी होती, भिंती अजून नव्हत्याच. एकदा सुतारीण त्याला म्हणालीसुद्धा, "तू गेला नाहीस?"

तो रंध्यातला भुसा फुंकत म्हणाला, "ताई, खरं सांगू? मी कुठं राहिलो की लोक 'कधी जातोस' असंच विचारतात. तिथं पहिल्यांदा लोकांनी जाऊ दिलं नाही." मग जीभ चावून म्हणाला, "पहारा मात्र फार कडक होता हो."

थंडी उतरली तेव्हा गावावर छपरं होती. भिंती नंतर होतील, तोवर ताडपत्र्या. पण वर छप्पर होतं, आणि खाली चूल पेटली की ऊब तिथंच राहत होती. गिरणीवाला मारायचं विसरला होता. त्याच्या छपराचा शेवटचा वासा चोरानं एकट्यानं बसवला होता, आणि तो सरळ होता.

दुसऱ्याच दिवशी सगळं लटांबर टेकडीपलीकडे निघालं. सुतार, सुतारीण, चोर, हातगाडीवर पेटी, मागे ते चार गडी आणि गावातले दहा-बारा. वेशीवर या वेळी काठ्या नव्हत्या. डुलकी समोर आला तो गुबगुबीत झालेला, आणि त्याच्या शेजारी दोन गावकरी अदबीनं चालत होते. त्यानं तिथं राखणीचा वर्ग सुरू केला होता म्हणे. काय शिकवत होता ते कुणी विचारलं नाही.

काम सुरू करायचं ते वाकलेल्या म्हातारीच्या घरापासून, कारण तिथलं चोरानं केलेलं आधी उतरवायला हवं होतं. सुतार खाली उभा राहून वर बघत होता. एक वासा असा तिरका की त्यावरून पाणी घरात यायला नव्हे, बाहेर जायला घाबरलं असतं. सांधा जिथं एक खिळा पुरला असता तिथं अकरा ठोकलेले, त्यातले नऊ वाकडे. सुतारानं डावा हात वर केला, ठोकून काढायची खूण करायला.

"खबरदार!" म्हातारी काठी आपटत पुढे आली. "हात लावायचा नाही. हे आमच्या सुतारानं केलंय."

"आजी, ते वाकडं आहे," सुतार म्हणाला.

"मीही वाकडी आहे. मला पाडतोस?"

सुतारानं बायकोकडे बघितलं. बायकोनं वर बघितलं. मग सुतारानं हात खाली घेतला आणि म्हणाला, "राहू दे. खालून एक टेकू देऊ. चारही बाजूंनी नवीन घालू, मधे हा राहील."

चोर पेटीशी पाठमोरा बसून करवती उगाचच इकडच्या तिकडे ठेवत होता. सुतारीण त्याच्याजवळ गेली, तर त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"काय झालं रे?"

"काही नाही, ताई. भुसा गेला डोळ्यात."

"अजून कुणी काही कापलंसुद्धा नाही."

तिनं वाकून पेटीतली मोठी करवत काढली आणि त्याच्या हातात दिली.

"मग काप आता," ती म्हणाली. "म्हणजे खरं होईल."